दुकान अ, दुकान ब आणि दुकान क

१० जून, सोमवार

आजपासून रोजनिशी सुरू. काम शास्त्रीय आहे आणि शास्त्रात नोंद लागते. वाचणारा मी एकटा, तेव्हा लाजायचं कारण नाही. तरी मूळ गोष्टीला 'तो विषय' एवढंच म्हणायचं ठरवलं आहे. पेनालाही काही मर्यादा असतात.

तो विषय दोन वर्षांपासून बंद आहे. कायमचा नाही. उन्हाळ्यात आमची मासोळीच्या पिल्लांची हॅचरी असते तसा. हॅचरी कोरडी पडली म्हणून मच्छीमार सोसायटी ती पाडत नाही, पावसाळ्याची वाट पाहते.

काल धुरपता म्हणाली, आखाडी, म्हणजे आषाढातली पुनव, झाली की ती पोरीकडे, भाग्यश्रीकडे गडचिरोलीला जाणार. पावसाळाभर. का म्हणून विचारलं, तर म्हणाली, इथे घरात बोलायला माणूस नाही. बाईमाणूस याहून स्पष्ट काय सांगणार? पण मी तिचा नवरा आहे. मला बोलण्यामागचा अर्थ लगेच कळला. तो विषय.

संकल्प: आखाडीच्या आत हॅचरी चालू.

१२ जून, नागपूर बसस्टँड

डॉक्टर भेटला. वयानं लहान आहे, पण ऐकून घेतो. त्या विषयाची गोळी देणार नाही म्हणाला. छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची गोळी मी खिशात बाळगतो. तिची आणि त्या विषयाच्या गोळीची गाठ पडली तर बीपी खड्ड्यात जातो म्हणे. म्हणून इंजेक्शन. थेट जागेवर. हे ऐकून मी खुर्चीचे हात धरले, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

हे औषध साध्या मेडिकलमध्ये तयार मिळत नाही. काही मोजकी दुकानं दोन-तीन औषधं मापात मिसळून स्वतः बाटली भरतात. आणि दुकानादुकानात फार फरक असतो, असं डॉक्टर म्हणाला. कोणी स्वच्छ खोलीत करतं, माप तपासतं, तारीख टाकतं. कोणी काहीच करत नाही. तेव्हा एकच चांगलं दुकान धरा, बाटली थंड ठेवा, मनानं माप वाढवू नका, आणि चार तासांत विषय मिटला नाही तर सरळ दवाखाना गाठा. महिनाभरानं या, येताना बायकोला आणा.

पहिला डोस त्यानंच दिला, त्याच्या माहितीच्या दुकानाचा. नोंदीसाठी हे दुकान अ. उपयोग झाला. पण तिथे धुरपता नव्हती, त्यामुळे हा निकाल मी धरत नाही.

१३ जून

दुकान अ मधून बाटली आणली. माणूस मला पटला नाही. छातीचं काय, साखरेचं काय, घरी फ्रिज आहे का, लाइट किती जाते, सुई कोण देणार. मी रोहू विकतो तेव्हा गिऱ्हाइकाला विचारतो का, की बाबा तुमची छाती कशी आहे? दोन बाटल्या मागितल्या तर म्हणाला, एकच मिळेल, ही जास्त दिवस टिकत नाही. हातातलं गिऱ्हाईक असं सोडणारा माणूस काय औषध करणार?

बाटली एवढीशी. पॅकिंग अगदी गरीब. वर छापील चिठ्ठी: माप, भरल्याची तारीख, फेकायची तारीख, आणि माझं पूर्ण नाव. पोंभुर्ण्याच्या स्टँडवर पिशवीतून पडली असती तर?

एका दुकानाला बांधून घ्यायचं नाही असं ठरवलं. मासे घेतानासुद्धा आपण तीन टोपल्या पाहतो. इथे तर विषय मोठा आहे. तीन दुकानांची तुलना करणार. असं काम जिल्ह्यात आजवर कोणी केलेलं नसावं.

१७ जून, दुपार

दुकान अ ची चाचणी.

आधी माझी पात्रता नोंदवतो. सोसायटीची हॅचरी मी चालवतो. दर पावसाळ्यात रोहू आणि कटल्याला अंडी सोडण्यासाठी हार्मोनचं इंजेक्शन द्यावं लागतं, ते माझ्याच हातचं. या हातानं टोचलेली मासोळी आजवर तक्रार करायला आलेली नाही. सुई म्हणजे मला चहाचा चमचा.

धुरपता बचत गटाच्या मीटिंगला गेली होती. बेत असा, की ती यायच्या आधी डोस घ्यायचा आणि आल्यावर चकित करायचं. पलंगावर बसलो. सुई पाहिली. मग पंखा पाहिला. मग पंखा फार उंच दिसायला लागला, कारण मी जमिनीवर होतो.

धुरपतानं तोंडावर पाणी मारलं. मी सांगितलं की सिझन जवळ आला, रोहूसाठी हाताची प्रॅक्टिस करत होतो. तिनं विचारलं की रोहू पलंगावर पायजमा सोडून बसते का. औषध सगळं गादीत गेलं.

दुकान अ चा निकाल: परिणाम शून्य. भोवळ येते.

२० जून, चंद्रपूर

दुकान ब. बाबुलालच्या टेम्पोतून आलो. बाबुलाल आमची मासोळी बाजारात नेतो, माझा जुना दोस्त. त्याला बीपीचं औषध घ्यायचं आहे असं सांगितलं. तो म्हणाला, बीपीच्या औषधासाठी तोंडाला रुमाल कशाला बांधला.

मालक फार मनमिळाऊ. डॉक्टरची चिठ्ठी बघितलीसुद्धा नाही. चहा मागवला. तुमाले जसं पायजे तसं बनवून देतो, म्हणाला. आत गेला, खोकल्याच्या औषधांमागे काहीतरी खुडबुड केली, चहा संपायच्या आत बाटली तयार. दुकान अ पेक्षा कितीतरी मोठी. वर पेननं नुसतं 'ताकद' लिहिलेलं. तारीख विचारली, तर म्हणाला, चांगल्या मालाला तारीख लागत नाही. हे वाक्य मनाला लागलं.

थोडं गढूळ आहे. कस दाट असावा.

२४ जून

वादळानं दोन दिवस लाइट नव्हती. बाटली हॅचरीच्या फ्रिजमध्ये हार्मोनशेजारी गरम झाली. आत बारीक धाग्यासारखं काहीतरी फिरतं. पण चांगल्या मालाला लाइट लागत नाही.

२६ जून, दुपार

दुकान ब ची चाचणी. भोवळ आली नाही, ही मोठी प्रगती. फक्त ऐन वेळी हात किंचित हलला आणि सुई मांडीत गेली.

२८ जून

मांडी अजून लाल आहे. मांडीवर एवढा परिणाम, म्हणजे औषधात जोर नक्की आहे. दुकान ब चा निकाल: आश्वासक, दिशा चुकली.

चालताना लंगडतो. धुरपतानं काय झालं विचारलं. बांधावर घसरलो म्हणालो. तिनं तेल गरम केलं आणि दाखवा म्हणाली. कुठे दाखवणार? मी हॅचरीवर निघून आलो. आता इथेच झोपतो, सिझन आहे म्हणून सांगितलं. तिनं बॅग झटकून उन्हात ठेवली आहे.

३० जून

मोबाइलवर जाहिरात आली. हैदराबादचं दुकान. नोंदीत दुकान क. जाहिरातीतल्या माणसाला माझ्याहून जास्त पांढरे केस, तरी तो घोड्यावर बसला आहे. मागवलं. घरच्या पत्त्यावर नको म्हणून सिरोंच्याला मागवलं, तिथून बाबुलाल आणेल. या वेळी त्याला खरं सांगितलं. त्यानं टेम्पोचा आरसा पुसला, आणि मग म्हणाला की चांगलं निघालं तर त्यालाही सांगावं.

४ जुलै

दुकान क आलं. काय खोका! सोनेरी, आत मखमल, वर उधळलेला घोडा. माहितीचा कागद तेलुगूत आहे, म्हणजे लपवाछपवी नाही. सिरोंच्याहून इथपर्यंत दोन दिवस टेम्पोच्या डॅशबोर्डवर उन्हात होतं, तरी खोक्याचा रंग जरासुद्धा उडालेला नाही. याला म्हणतात क्वालिटी. दुकान अ वाल्याला बर्फाच्या पिशव्या द्याव्या लागल्या, कारण त्याचा माल नाजूक.

ताजी मासोळी डोळ्यांवरून ओळखतात. औषधाला डोळे नसतात म्हणून मी खोका पाहिला.

भाग्यश्रीचा फोन होता. आई कधी येते विचारत होती. तुझी आई येणार नाही, म्हणालो. आईनं शेजारून फोन घेतला आणि तारीख सांगितली.

७ जुलै, रविवार, दुपारी चार

आनंदानं लगेच लिहायला बसलो आहे.

मासोळीला सुई देताना आम्ही एक करतो. ओलं फडकं तिच्या डोळ्यांवर टाकतो. दिसेनासं झालं की ती शांत पडते, मग खुशाल टोचावं. हे इतकी वर्षं मासोळीला करतो आणि स्वतःला कसं सुचलं नाही? आज दुपारी घरी आलो. सिरिंज भरली, ठेवली. खांद्यावरचा दुपट्टा ओला केला, पिळला, डोळ्यांवर बांधला. चाचपडत सिरिंज उचलली, नेम धरला, दाबलं.

दुखलं नाही. काहीच नाही. नुसता दाब जाणवला. दुकान क ची सुई म्हणजे लोणी.

तेवढ्यात धुरपता आत आली. मी ओला दुपट्टा डोळ्यांवर बांधून, पायजमा घोट्यांशी, हातात सिरिंज. तिनं विचारलं हे काय. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी म्हणालो, मासोळीला असंच करतात. आणि ती हसायला लागली. आधी तोंडावर पदर धरून, मग पदर सोडून, मग पलंगावर बसून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मला दिसत नव्हतं, पण पलंग हलत होता. मलाही हसू आलं. किती वेळ हसलो कोण जाणे. दुपट्टा तिनंच सोडला.

पुढचं लिहीत नाही. एवढंच: हॅचरी चालू.

८ जुलै

अंतिम निष्कर्ष. दुकान क सर्वोत्तम. वेदना शून्य, परिणाम पाच-दहा मिनिटांत, सोबतच्या माणसालाही आनंदाची उबळ येते, हा गुण बाकी दोन्हींत नाही. दुकान ब मध्यम. दुकान अ टाकाऊ. नागपूरच्या डॉक्टरला कळवावं का? कळवीन. त्याच्याही उपयोगाचं आहे. महिनाभरानं बोलावलं होतं, पण बऱ्या झालेल्या माणसानं डॉक्टरकडे जाऊन त्याचा वेळ का घ्यावा?

काल घरी झोपलो. धुरपतानं आज वांग्याच्या भाजीत सुकी मासोळी घातली, मला आवडते तशी. गाणं गुणगुणत होती. दुकान क चा परिणाम दुसऱ्या दिवशीही टिकतो.

११ जुलै

बाबुलालला सांगितलं. कोणाला सांगू नको असंही सांगितलं.

१३ जुलै

सोसायटीचे अध्यक्ष संघपालभाऊ हॅचरीवर आले. पाण्याची पातळी पाहिली, आभाळ पाहिलं, मग सहज विचारल्यासारखं विचारलं की ते हैदराबादचं काय आहे. मी तिन्ही दुकानं समजावून सांगितली. दुकान अ चं नाव काढताच मी हात असा झटकला की त्यांनी ते दुकान विचारलंच नाही.

दुपारी मुलचेऱ्याहून दोघं आले, बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, पाहायला. बोटुकलीकडे एकदाही पाहिलं नाही.

१५ जुलै

गर्दी. मूल, गोंडपिपरी, आष्टी, सगळ्या गावांची माणसं. सगळे मासोळीचं निमित्त करून येतात. मी आता बसायला दोन खुर्च्या टाकल्या आहेत. खोका दाखवतो, हात लावू देत नाही. लोक मला 'सर' म्हणायला लागले.

भामरागडकडचा लालसू आला. तळ्यासाठी रोहू पाहिजे म्हणाला. इतक्या दुरून लाजत आलेला माणूस, मी त्याला जवळ बसवलं, दार लोटलं आणि सगळं सांगितलं, ओल्या दुपट्ट्यासकट. त्यानं फार आदरानं ऐकलं. शेवटी म्हणाला, हे ठीक हाय दादाजीभाऊ, पन रोहू केवळ्याले देता? खरोखर रोहू पाहिजे होती. दिली.

१६ जुलै

स्वतः दुसरी चाचणी घेतलेली नाही. घाई नाही. शास्त्रात एक स्पष्ट निकाल पुरतो. शिवाय त्या रविवारपासून दोनदा धुरपता जवळ येऊन बसली. दोन्ही वेळा हॅचरीवर काम निघालं. म्हणजे काढलं.

काल ती मला काही सांगणार होती. मी म्हणालो, नंतर, लोक थांबले आहेत.

१८ जुलै

बाबुलालचा टेम्पो आला नाही. मासोळी पडून.

१९ जुलै

बाबुलाल चंद्रपूरच्या दवाखान्यात आहे. दुकान क. परवा घेतलं. विषयाला काही झालं नाही, पण जागा सुजून वांग्यासारखी झाली आणि ताप चढला. वेळेवर आला म्हणून वाचला, असं तिथल्या डॉक्टरनं सांगितलं. बाटलीत काय आहे ते त्यालाही ओळखू येईना.

त्याचं तंत्र चुकलं असणार. त्याला मासोळीची सवय नाही, फक्त टेम्पोची आहे. तरी जेवण गेलं नाही.

संध्याकाळी संघपालभाऊंचा फोन. त्यांनी कालच घेतलं होतं. काहीच झालं नाही, ना चांगलं ना वाईट. नुसतं पाणी असावं म्हणाले. एकाच दुकानाच्या दोन बाटल्या, एकीत विष आणि दुसरीत पाणी? पण मग माझ्या बाटलीत काय होतं? माझ्या बाटलीचा निकाल तर लख्ख आहे.

२० जुलै, शनिवार

सकाळी धुरपतासमोर हेच बोलून दाखवलं. दुकान क वाईट असूच शकत नाही, माझा स्वतःचा अनुभव आहे, बाबुलालनं काहीतरी घोळ केला. ती तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवलं.

"त्या दिशी सुईचं टोपन निंघालंच नोतं," ती म्हणाली. "सिरिंज भरून होती. मीच फेकली."

मला कळलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं. सुईवरचं प्लास्टिकचं टोपण, सिरिंज भरल्यावर सवयीनं परत लावलेलं. मी डोळे बांधून टोपणासकट दाबत बसलो होतो. औषधाचा थेंबही आत गेला नव्हता. दुकान क माझ्या अंगाला लागलंच नाही. लोण्यासारखी सुई म्हणजे सुईच नव्हती.

मग आधी का नाही सांगितलं, असं मी ओरडलोच. ती म्हणाली, "तुमी इतके खूश होते. काऊन मोडू? आन मी बी खूश होती." मग म्हणाली की खुर्च्या टाकून लोकांना सांगायला लागलात तेव्हा सांगायला आले होते, तुम्हाला वेळ नव्हता.

सबंध दुपार फोनवर. ज्यांना ज्यांना सांगितलं त्या सगळ्यांना, घेऊ नका, फेकून द्या, दुकान अ चा पत्ता हा, पण आधी डॉक्टरला दाखवा. का, असं प्रत्येकानं विचारलं. प्रत्येकाला टोपणाचं सांगावं लागलं. पहिल्या दोन-तीन वेळा जीभ अडखळली. पुढे पुढे पाठ झालं. मुलचेऱ्याचा माणूस इतका हसला की फोन त्याच्या बायकोनं घेतला, आणि तिलाही सांगावं लागलं.

मग चंद्रपूरला गेलो. बाबुलाल पाय फाकवून पडला होता. त्यालाही टोपणाचं सांगितलं. तो हसला नाही. माझ्याकडे पाहून म्हणाला, "दादाजी, मंग मले काऊन पाठवलं रे तुनं त्या घोड्यावर?" त्याच्या बायकोनं मला डब्यातली पोळी दिली, ती खाववली नाही.

२१ जुलै, रविवार, आखाडी

घरात सणाच्या तळलेल्या बड्यांचा वास. धुरपताची बॅग भरून दाराशी. उद्या सकाळची गाडी.

दुपारी सगळं उरकल्यावर मी ठरवलं की आज काहीही न घेता. निष्कर्ष असा, की त्या रविवारी माझ्यात औषध नव्हतंच, म्हणजे मला औषधाची गरजच नाही. हा निष्कर्ष मला फार आवडला. धुरपता आडवी झाली होती, मी जाऊन शेजारी पडलो.

काही झालं नाही.

लाइट होती. पंखा चालू होता. दुकान अ, ब, क पैकी कोणीच नव्हतं. दोष द्यायला घरात दुसरं कोणी सापडेना. मी सवयीप्रमाणे उठलो, हॅचरीवर काम आहे म्हणायला तोंड उघडलं, आणि सांगायचं ते न सांगता भलतंच बाहेर पडलं.

"माह्याच्यानं काई होत नाई वो, धुरपता. दोन वरस झाले."

टोपणाचं वीस-पंचवीस लोकांना सांगितलं होतं. हे त्याहून जड निघालं. मी भिंतीकडे पाहत उभा राहिलो.

"मालूम हाय मले," ती म्हणाली. "तुमी कवा सांगता म्हनून वाट पाहून राह्यली होती."

मग तिनं भाग्यश्रीला फोन लावला. उद्या येत नाही, आधी तुझ्या बाबांना नागपूरच्या डॉक्टरकडे नेते, मी पण जाणार आहे, त्यानं बोलावलंच होतं. काय झालं म्हणून भाग्यश्रीनं विचारलं असावं, कारण धुरपता म्हणाली, काही नाही, बोलून राहिले आहेत.

फोन ठेवून ती पुन्हा आडवी झाली. मला म्हणाली, सरका थोडे तिकडे.

सरकलो.